मधली जागा

कल्लिडैकुरिच्चीच्या देवळामागचा मांडव.
साडेसात वाजले, आठ वाजले,
मग पोस्टातला पोऱ्या धावत निरोप घेऊन आला:
भागवतरांची मोटार कोविलपट्टीला बंद पडली.
समोर तीनशे माणसं.
मंचावर आम्ही चौघं,
मधे एक घडी केलेली शाल,
गरम पाण्याचा फ्लास्क,
आणि कोणी नाही.

मी मागे, तंबोऱ्याला गाल लावून.
सोळा वर्षांची. मला कुणी काही विचारलं नाही.

डावीकडे व्हायोलिन घेऊन कोमळम् मामी.
तीस वर्षं तिने दुसऱ्याची वाक्यं पुरी केलेली.
तो म्हणणार, ती मागोमाग,
अर्धा श्वास उशिरा,
त्याच्याहून सरस येत असलं तरी
किंचित कमी.
कमी वाजवायलाही रियाज लागतो.

उजवीकडे पिच्चुमणी,
मृदंगाच्या डाव्या पुडीवर ओला रवा थापत,
पहिला वाळला म्हणून पुन्हा भिजवलेला.
त्याच्या शेजारी इसक्कीमुत्तू,
पोटाशी मानामदुरैचा घट.
या मडक्यात पाणी कधी भरलं नाही,
तो सांगायचा, म्हणून ते इतकं बोलतं.

सेक्रेटरी वाकून म्हणाले, मामी,
काहीतरी वाजवा, लोक उठताहेत.

मामीने बोटांना खोबरेल लावलं
आणि कांभोजी काढली.
म ग स...
आणि थांबली.
सवयच ती. त्याच्यासाठी जागा सोडली.
त्या फटीत माझा तंबोरा ऐकू आला.
लोकांना पहिल्यांदा,
मलाही पहिल्यांदाच.

नि प ध स.
तो परका निषाद या रागात
एवढ्याच वळणावर येतो,
उंबऱ्यातून डोकावतो,
चप्पल न काढता निघून जातो.
मामीने त्याला हाताला धरून आत घेतलं,
बसवलं,
ताट वाढलं.
पहिल्या रांगेतले वकील पान चावायचे थांबले.

मग ताल कोण धरणार? गाणंच नाही तर
कशाच्या पाठीवर चालायचं?
पिच्चुमणीने एक थाप दिली,
तीनशे मांड्यांवर तीनशे हात:
टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट.
मृदंगाने आठ आवर्तनं बोलून घेतली,
घटाने आठ. मग चार-चार,
दोन, एक,
मग अर्ध्यात तोडलेलं,
भावांनी शेवटची चकली तोडावी तसं,
आणि ज्या वेळी व्हायोलिनने मांडीवर गप्प पडून राहायचं असतं
नेमकी त्या वेळी मामी मधे घुसली,
गजाने नाही, नखाने.
टिण्.
पिच्चुमणी हसला,
आणि हसता हसता अर्धी मात्रा आधीच समेवर उतरला.

सगळ्या मांडवाने ते ऐकलं.
इसक्कीमुत्तूने घट वर फेकला.
खरंच फेकला, कंदिलाच्या उंचीपर्यंत.
ती चुकलेली अर्धी मात्रा
घटाबरोबर वर गेली, गोल फिरली,
आणि तळहातावर पडली
तेव्हा सम तिथेच होती.

मी एकटीच दरवाजाकडे तोंड करून नव्हते,
पण मीच पाहिलं:
खांबाआड भागवतर,
चपला हातात, सदऱ्यावर मोटारीचं तेल.
आत आले नाहीत.
खांबावर बोटं मोजत राहिले,
करंगळी, अनामिका, मधलं.
शेवटची तिहाई तीनदा पडेपर्यंत
त्यांनी एकही बोट चुकवलं नाही.

नंतर सेक्रेटरींनी पाकिटं दिली.
वर शाईने लिहिलेलं: साथ.
मामीने विचारलं, कुणाची?
ते म्हणाले, वहीत तसाच रकाना आहे, मामी.
मामीने सही केली.
शेवटची बस पावणेअकराची होती,
आणि तिला व्हायोलिनच्या पेटीची कडी लागत नव्हती.

शालीला कुणी हात लावला नाही.
फ्लास्क मात्र इसक्कीमुत्तूने उघडला,
झाकणात ओतून आधी माझ्यापुढे धरला.
पाणी अजून गरम होतं.